ग्लेन्को हा ‘पॉइंट’ नव्हे!

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ज्यांना शनिवारी सकाळी चहाबरोबर गोडगोड प्रवासवर्णन हवं आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं.

झालंय असं, की मी ग्लासगोत नोकरीला असल्यामुळे उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो. नात्यातले, हापिसातले, जुन्या कंपनीतले, ‘तुझ्या मावसभावाने नंबर दिला’वाले. या सगळ्यांकडून मी ग्लेन्कोबद्दल आजवर तीनच वाक्यं ऐकली आहेत. एक : "काय सीनरी आहे राव!" दोन : "निसर्ग कसा जपलाय बघा या लोकांनी, आपल्याकडे असतं तर आत्तापर्यंत टपऱ्या लागल्या असत्या." आणि तीन : "तसं बघण्यासारखं फार काही नाही, वीस मिनिटं पुरतात."

माझं म्हणणं एवढंच आहे, की पहिलं वाक्य अर्धवट आहे, दुसरं साफ चूक आहे, आणि तिसरं या पहिल्या दोघांच्या पोटी जन्माला आलेलं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्लेन्को ही स्कॉटलंडच्या पश्चिम हायलँड्समधली एक दरी आणि त्या दरीच्या तोंडाशी, लॉख लीव्हन नावाच्या खाडीकाठी वसलेलं त्याच नावाचं छोटं गाव. ग्लासगोहून गाडीने दोन-अडीच तास. गाव म्हणजे काय, एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना बुटकी घरं, शाकारलेल्या जुन्या घरांतलं एक लोकसंग्रहालय, नदीवर एक दगडी पूल. मागे पॅप ऑफ ग्लेन्को नावाचा ७४२ मीटरचा सुळका. पण गावात कोणी जातच नाही! फोर्ट विल्यमकडे जाणारा ए-८२ हा मोठा रस्ता दरीच्या पोटातून जातो. त्याच्या कडेला ‘थ्री सिस्टर्स’ या तीन पहाडी सोंडांसमोर गाड्या लावायला जागा आहे. बस थांबते, चाळीस माणसं उतरतात, तीन बहिणींकडे पाठ करून उभी राहतात (सेल्फीत पाठच करावी लागते), आणि चाळीस माणसं परत चढतात. घोडं न्हालं. पुढचा पॉइंट लॉख नेस. गाव अजून काही मैलांवर असतं, ते खिडकीतून जातं. कुणी झोपलेलं असेल तर तेही नाही.

एका प्रवासी कंपनीचं मराठीतलं छापील वेळापत्रक मी स्वतः वाचलंय. नाव घेत नाही, कारण सगळ्यांचं जवळपास सारखंच असतं. त्यात ग्लेन्कोपुढे लिहिलं होतं, ‘अस्पर्शित निसर्गसौंदर्य, फोटो स्टॉप’. या ‘अस्पर्शित’ शब्दावर माझा खरा राग आहे. फोटो स्टॉपचं नंतर बघू.

आमच्या धंद्यात जुना कोड हातात आला की पहिली गोष्ट काय करतात? कॉमेंट्स वाचतात. आधी इथे कोण होतं, त्याला काय करायचं होतं, ते तिथे कळतं. ग्लेन्कोचा नकाशा तसाच वाचून बघा. नावं गेलिक भाषेतली आहेत, उच्चार करताना जिभेला गाठ पडते, पण अर्थ सोपे आहेत. दरीच्या वरच्या तोंडाशी जो त्रिकोणी पहाड आहे, जो निम्म्या स्कॉटलंडच्या कॅलेंडरवर असतो, त्या बुअखल एटिव्ह मोरचा अर्थ ‘एटिव्हचा मोठा गुराखी’. थ्री सिस्टर्सपैकी दोघींच्या मधे जी लपलेली दरी आहे तिचं नाव कोरे गाल, म्हणजे मिळवून आणलेल्या मालाची, लुटीची दरी. मॅक्डॉनल्ड लोक दुसऱ्यांची पळवून आणलेली गुरं तिथे दडवायचे असं सांगतात. खाली रस्त्यालगत आख्नाकोन, म्हणजे कुत्र्यांचं शेत. गुराखी, गुरं, कुत्री, शेत. ही निसर्गाची नावं वाटतात तुम्हाला? ही एका नांदत्या मुलखाची नावं आहेत. ‘थ्री सिस्टर्स’ हे नाव मात्र बघणाऱ्यांनी दिलेलं, आणि पाट्यांवर तेच गाजतं.

१७४७ ते १७५५ या काळात जनरल रॉयच्या हाताखाली इंग्रजी लष्कराने अख्ख्या हायलँड्सचा नकाशा काढला. त्यात या दरीत नदीच्या कडेने वस्त्या दाखवलेल्या आहेत. एक घर इथे, एक तिथे असं नाही, चांगल्या वाड्या. उन्हाळ्यात ही माणसं गुरं घेऊन वरच्या कुरणांवर जायची, तिथे छोटी झोपडी बांधून राहायची, लोणी-चीज करायची. शरद ऋतूत काळी ठेंगणी गुरं हाकत दक्षिणेच्या बाजाराला न्यायची. आता तुम्ही बसच्या खिडकीतून जे ‘रिकामं, भव्य, अस्पर्शित’ बघता, ते या लोकांचं अंगण होतं.

मग हे लोक गेले कुठे?

इथे सगळे जण एकदम म्हणतात, "हां हां, ते हत्याकांड!" बसमधल्या गाईडने सांगितलेलं असतं. कॅम्पबेल नावाच्या कुळाने मॅक्डॉनल्ड नावाच्या कुळाला रात्री झोपेत मारलं, जुनं वैर होतं, फार वाईट झालं, आता चला. दरीतल्या क्लॅखिग इनच्या दारात तर ‘फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना प्रवेश नाही’ अशी पाटी आहे. लोक हसतात, तिचा फोटो काढतात. गंमत म्हणून मलाही ती आवडते. पण ही गोष्ट अशी सांगणं म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला मागच्या दाराने सोडून देणं आहे.

खरं काय झालं ते सांगतो. राजा तिसरा विल्यम नव्याने गादीवर आलेला. हायलँडमधल्या सगळ्या सरदारांनी १ जानेवारी १६९२च्या आत एकनिष्ठेची शपथ घ्यावी असं फर्मान निघालं. ग्लेन्कोच्या मॅक्डॉनल्डांचा म्हातारा प्रमुख मॅकिअन हा जुन्या, फ्रान्सला पळालेल्या राजाला शब्द देऊन बसलेला. त्याच्याकडून परवानगी यायलाच डिसेंबर उजाडला. ३१ डिसेंबरला मॅकिअन फोर्ट विल्यमला पोचला, तर तिथला कर्नल म्हणाला, शपथ घ्यायचा अधिकार मला नाही, इन्व्हरेरीला जा. बर्फातून, डोंगरातून म्हातारा इन्व्हरेरीला गेला. तिथे शेरीफ जागेवर नाही! (सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही इथे भरून यावं.) अखेर ६ जानेवारीला शपथ झाली. उशीर पाच-सहा दिवसांचा.

एडिंबरा-लंडनच्या दरबारात जॉन डॅलरिंपल नावाचा स्कॉटलंडचा सचिव एखाद्या कुळाला धडा शिकवायची संधीच शोधत होता. राजाच्या सहीची आज्ञा निघाली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्गाइलच्या पलटणीचे सव्वाशेच्या आसपास शिपाई ग्लेन्कोत मुक्कामाला आले. त्यांचा कप्तान रॉबर्ट कॅम्पबेल ऑफ ग्लेनलायन. त्याची पुतणी मॅकिअनच्या धाकट्या मुलाला दिलेली, म्हणजे चक्क सोयरीक. गावाने त्यांना घराघरात ठेवून घेतलं, बारा दिवस जेवू घातलं. आदल्या संध्याकाळपर्यंत कप्तान मॅकिअनच्या मुलांबरोबर पत्ते खेळत होता. मग सत्तरीच्या आतल्या सगळ्यांना तलवारीने कापा, असा लेखी हुकूम आला. तो कागद आजही एडिंबऱ्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. १३ फेब्रुवारीच्या पहाटे पाचला खाल्ल्या घरचे वासे मोजायला सुरुवात झाली. मॅकिअनला अंथरुणातून उठतानाच गोळी घातली. तीस ते अडतीस माणसं मारली गेली. घरं पेटवलेली, बाहेर बर्फाचं वादळ. पळालेल्यांपैकी किती बायका-पोरं डोंगरात गारठून गेली याची धड मोजदाद नाही. वाट अडवायला निघालेली दुसरी तुकडी त्याच वादळामुळे उशिरा पोचली, म्हणून बरेच जण वाचले.

आता बघा. मारणारे शिपाई सगळे कॅम्पबेल नव्हते, बरेचसे वेगळ्याच आडनावांचे होते. हा कुळाकुळातला झगडा नव्हता. सरकारने, सहीशिक्क्यानिशी, सरकारी पलटणीकडून आपल्याच प्रजेचा केलेला खून होता. १६९५ मध्ये चौकशी बसली. स्कॉटिश संसदेने ‘खून’ हा शब्दही वापरला. स्कॉटिश कायद्यात पाहुणचाराच्या, विश्वासाच्या आड केलेला खून हा साध्या खुनाहून भयंकर गुन्हा मानत. शिक्षा कोणाला? कोणालाही नाही. डॅलरिंपलचं पद गेलं, आणि १७०३ मध्ये त्यालाच अर्ल केला!

आणि ही गोष्ट पुढे इंग्रजी जगाला कोणी सांगितली? आपले जुने परिचित मेकॉलेसाहेब! तेच, १८३५च्या शिक्षणावरच्या टिपणाचे. त्यांनी आपल्या इंग्लंडच्या इतिहासात ग्लेन्कोवर पानंच्या पानं लिहिली, डॅलरिंपलला खलनायक केलं, राजाला मात्र ‘न वाचता सही केली असेल’ छाप सवलत दिली. (प्रॉडक्शनला रिलीज करताना न वाचता अप्रूव्हल देणारे मॅनेजर तेव्हापासून सुटत आलेले आहेत.) शिवाय ग्लेन्को म्हणजे गेलिकमध्ये ‘अश्रूंची दरी’ असं ठोकून दिलं. तसा काही अर्थ नाही, नाव कोअ नदीवरून आलेलं आहे. पण अश्रूंची दरी हे पोस्टरवर छान दिसतं, त्यामुळे आजही गाईड तेच सांगतात. गंमत म्हणजे मेकॉलेचे वडील जन्मले ते इन्व्हरेरीतच, जिथे म्हातारा मॅकिअन बर्फ तुडवत शपथेला गेला होता.

बरं, या हत्याकांडामुळे दरी ओस पडली का? तर नाही! हा मुद्दा कोणताच गाईड सांगत नाही. वाचलेले लोक परत आले. घरं पुन्हा बांधली, गुरं पुन्हा पाळली. रॉयच्या नकाशातल्या वाड्या या हत्याकांडानंतर पन्नास-साठ वर्षांनी काढलेल्या आहेत. तलवारीने जे जमलं नाही ते पुढे हिशेबाच्या वहीने केलं. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला जमिनीच्या मालकांना कळलं की कुळांकडून खंड गोळा करण्यापेक्षा मेंढ्या परवडतात. सगळ्या हायलँड्समध्ये हेच झालं. कुठे घरांना आगी लावून हाकललं, कुठे खंड वाढवून, कुठे भाडेपट्टा न वाढवून. ग्लेन्कोतल्या वाड्याही अशाच रिकाम्या झाल्या. आख्ट्रिओख्टनच्या घरांचे पाये गवतात अजून दिसतात. माणसं किनाऱ्याला सरकली, शेजारच्या बॅलाहूलिशच्या पाटीच्या दगडाच्या खाणीत गेली, ग्लासगोच्या गिरण्यांत गेली, कॅनडाच्या जहाजात बसली, नाहीतर पलटणीत भरती झाली. हायलँडच्या पलटणी कुठे लढल्या हे आपल्याला वेगळं सांगायला नको. २३ सप्टेंबर १८०३ला जालन्याजवळ असईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफांसमोर ७४वी आणि ७८वी हायलँड पलटण उभी होती.

मेंढ्यांनंतर आली हरणं, म्हणजे श्रीमंतांच्या शिकारीची राखीव रानं. इंग्रजीत त्याला ‘डियर फॉरेस्ट’ म्हणतात, आणि त्या फॉरेस्टमध्ये शोधून झाड सापडत नाही! शतकानुशतकांची तोड, मग मेंढ्या, मग हरणं. कोवळं रोप वर आलं की खाल्लंच. तेव्हा "आपल्याकडे बघा डोंगर उघडेबोडके आणि इथे कसा निसर्ग जपलाय" असं म्हणणाऱ्या काकांना माझी नम्र विनंती, काका, तुमच्यासमोर आहे तो उघडाबोडका डोंगरच आहे. फक्त तो हिरवा आहे, कारण पाऊस थांबत नाही.

मग झाडं आहेत कुठे? तर गावामागे ग्लेन्को लॉखन नावाचं एक देखणं तळं आहे, त्याभोवती उंच सूचिपर्णी झाडांचं दाट रान. तिथे फोटो काढून लोक लिहितात, ‘खराखुरा स्कॉटलंड’. हे तळं माणसाने केलेलं आहे आणि झाडं उत्तर अमेरिकेची आहेत! हडसन्स बे कंपनीत आणि कॅनडाच्या रेल्वेत गब्बर झालेल्या लॉर्ड स्ट्रॅथकोनाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही इस्टेट घेतली. त्याची बायको इझाबेला कॅनडातली, तिच्या आईकडून तिथल्या मूळ रहिवाशांचं रक्त असलेली. तिला माहेरची आठवण येते म्हणून त्याने इथे कॅनडा लावला, असं सांगतात. मला ते तळं फार आवडतं, खोटं कशाला बोलू. पण त्याला ‘अस्पर्शित’ म्हणू नका एवढंच.

आणि उरलेली मोकळी दरी आज कुणालाही तिकिटाशिवाय हिंडता येते, तीही निसर्गाची कृपा नव्हे. १९३५ मध्ये स्ट्रॅथकोनाची इस्टेट लिलावात निघाली तेव्हा गिर्यारोहकांनी पैसे उभे केले आणि ती नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे गेली. त्यात पुढाकार होता स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबच्या पर्सी उन्ना या इंजिनीयरचा (बघा, इंजिनीयर!). १९३७ मध्ये त्याने ट्रस्टला पत्र लिहून अटी सुचवल्या : डोंगरावर पाट्या नकोत, खुणेचे दगड नकोत, निवारे नकोत, डोंगर सोपा करू नका. सगळ्या पाळल्या गेल्या नाहीत. पावलांनी माती वाहून जाऊ लागली तेव्हा ट्रस्टला दगडी वाटा बांधाव्याच लागल्या. पण आजही दरीत रोपवे, काचेचा पूल, लेझर शो नाही, त्याच्यामागे हे पत्र आहे. पुढे २००३चा स्कॉटलंडचा जमीन सुधारणा कायदा आला. जबाबदारीने वागलात तर जवळपास कोणाच्याही मोकळ्या जमिनीवरून चालायचा, नदी-तळ्यात होडी घालायचा, तंबू ठोकायचा हक्क त्याने दिला. इंग्लंडमध्ये इतका नाही. म्हणजे कायद्याने तुमच्या हातात अख्खी दरी ठेवलीय आणि तुम्ही रस्त्याच्या कडेच्या कठड्याला टेकून वीस मिनिटांत निघता? फुकट मिळालेल्या गोष्टीचा असा अपमान करणं आपल्या स्वभावातही बसत नाही हो. :)

आता नेहमीचे आक्षेप. घरी ऐकून ऐकून पाठ झालेत.

"आमच्यासोबत आई-बाबा असतात, त्यांना काय कड्यावर चढवू?" अजिबात नको. लॉखनभोवतीची वाट सपाट आहे, मैलभराचा फेरा, बाकं आहेत. गावातल्या रस्त्याने दहा मिनिटं चाललं की पुलाजवळ १८८३ साली उभारलेला हत्याकांडाचा स्मारक-क्रूस आहे. दरवर्षी १३ फेब्रुवारीला तिथे पुष्पचक्रं वाहतात. ट्रस्टच्या केंद्रात उत्खननावरून बांधलेलं जुन्या पद्धतीचं माती-गवताचं आणि विणलेल्या काटक्यांचं घर आहे. आत जाऊन उभं राहता येतं. माझ्या वडिलांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते घर. ते आत शिरले, छताकडे बघितलं, चूल कुठे ते बघितलं, आणि म्हणाले, "धूर कुठून जात असेल?" वीस मिनिटांत हा प्रश्न पडत नाही. तेव्हा आई-बाबांना पुढे करू नका. कंटाळा आपल्याला असतो.

"वेळ नाही. दोन दिवसांत एडिंबरा, लॉख नेस, स्काय करायचंय." मग स्काय गाळा. खरंच गाळा! यादी पूर्ण करायची तर ती घरी बसूनही करता येते. ग्लेन्कोत दोन रात्री राहा. एक सकाळ कोरे गालला द्या. पार्किंगपासून नदीवरचा पूल ओलांडून, मोठमोठ्या दरडींमधून जाऊन-येऊन तीनेक तास. हातापायाचा वापर लागतो, पण घोराडेश्वर-सिंहगड करणाऱ्या माणसाला झेपेल. वर पोचलं की दरड कोसळून बंद झालेली एकदम सपाट दरी. गुरं इथेच का लपवत ते कोणी समजवावं लागत नाही. दुसरा दिवस डेव्हिल्स स्टेअरकेसला. १७५०च्या सुमारास शिपायांकडून बांधून घेतलेली ही लष्करी वाट, आज मलगाय ते फोर्ट विल्यम अशा १५४ किलोमीटरच्या वेस्ट हायलँड वेचा सगळ्यात उंच टप्पा. पाऊस असेल (असेलच) तर सरळ संग्रहालय नाहीतर पब.

मात्र उत्साहाच्या भरात हेही सांगतो, की हे डोंगर उंचीला कमी दिसतात म्हणून हलक्यात घेऊ नका. बिद्यान नाम बियान हा इथला सगळ्यात उंच, ११५० मीटर, म्हणजे आपल्या हिशेबात राजगडाहून कमी... पण हे अक्षांश वेगळे. जानेवारी २०१३ मध्ये त्याच डोंगरावर हिमकडा कोसळून चार जण गेले. इथलं बचाव पथक १९६१ मध्ये हेमिश मॅकइनिसने उभं केलं. त्यातली माणसं आजही बिनपगारी आहेत, आणि सुटका करायचे पैसे कोणाकडून घेत नाहीत. गावातली ही माणसं जेवणाच्या ताटावरून उठून रात्री बर्फात तुमच्यासाठी चढतात. ज्या गावाचा पाहुणचाराच्या विश्वासानेच घात झाला, ते आजही अनोळख्यांसाठी हे करतं. हे कळल्यावर स्पोर्ट शूजवर, टॉर्चशिवाय, दुपारी तीनला डोंगर चढायला निघायची हिंमत होऊ नये.

"पण टुरिझमवरच तर ही गावं जगतात ना?" जगतात की. पण कुठल्या टुरिझमवर? रस्त्याकडेला वीस मिनिटं थांबलेली बस गावाला काय देते? डिझेलचा धूर आणि खरकटे कप. मुक्काम करणारा माणूस देतो. त्यातही पेच आहे हे मान्य करू. घरं सुट्टीसाठी भाड्याने देण्यात एवढा पैसा आहे की गावातल्या तरुण पोरांना तिथेच राहायला घर मिळत नाही, हे सगळ्या हायलँड्समधलं दुखणं आहे. सरकारला त्यासाठी २०२२ पासून परवाने आणावे लागले, आणि २०२४च्या कायद्याने नगरपालिकांना पाहुण्यांवर कर बसवायची मुभा दिली. म्हणून माझं साधं मत, जमलं तर मालक स्वतः जिथे राहतो अशा घरात किंवा गावच्या हॉटेलात उतरा. मेंढ्यांनी माणसं हटवली, हरणांनी हटवली, आता आपल्या व्हीकांताने हटवू नयेत.

आणि शेवटचा, जरा चिडून विचारलेला : "प्रत्येक ठिकाणी इतिहास उगाळत बसायचं का? सुट्टीला गेलोय." उगाळू नका. पण उद्या एखादा गोरा रायगडावर आला आणि वाड्यांच्या जोत्यांवर उभा राहून म्हणाला, "किती छान रिकामा डोंगर, इथे कधी कोणी आलंच नसेल," तर तुम्ही त्याला सोडाल का?

क्लॅखिगजवळ २००४च्या हॅरी पॉटरच्या सिनेमासाठी हॅग्रिडची झोपडी उभारली होती. शूटिंग संपल्यावर काढून टाकली. लोक अजूनही ती शोधत येतात. जी कधी घर नव्हती आणि आता नाहीही, ती झोपडी शोधायला लोक चिखल तुडवतात. आणि त्याच दरीत ज्या घरांत पिढ्या जन्मल्या, त्यांच्या पायावरून चालत जातात. २०२३च्या ऑगस्टमध्ये मॅकिअनच्या उन्हाळी घराच्या उत्खननात ग्लासगो विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीला चुलीखाली पुरलेली ३६ नाणी सापडली. एलिझाबेथपासून दुसऱ्या चार्ल्सपर्यंतची, काही फ्रान्सची, काही स्पॅनिश नेदरलँड्सची. नाणी सगळी १६९२च्या आधीची, त्यामुळे अंदाज असा, की हत्याकांडाच्या वेळी कुणीतरी घाईने दडवली असावीत. परत न्यायला कोणी आलं नाही.

असो. बरंच बोललो. पुढचा पाहुणा मे महिन्यात येतोय, त्याला हे आधीच पाठवून ठेवणार आहे. दोन रात्रींचं बुकिंग मी करतो, रेनकोट आणि बूट त्याने आणावेत. आणि मे संपत आला की मिज नावाच्या चिलटांची झुंड असते, डोक्याला जाळी लागते. ती मात्र खरोखरच अस्पर्शित आहे, मी प्रयत्न करून पाहिलाय.